मालक गावात परत आले

मालक तुरुंगातून सुटून येणार ही बातमी गावाला त्यांच्याच केबलवरून कळली. सिनेमा चालू होता म्हणे, आणि पडद्याच्या तळाशी पट्टी सरकत गेली: ‘मालक येत आहेत. सर्वांनी स्वागतास उपस्थित राहावे.’ आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून ओरडून सांगितलं. आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. आबा गोठ्यात धार काढत होते. त्यांनी ऐकलं की नाही ते कळलं नाही, चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज तसाच येत राहिला.

आबा म्हणजे माझे वडील. आणि मालक म्हणजे ज्यांनी पाच वर्षांपूर्वी आबांना जिवंतपणी गाडलं ते.

मालक आमच्याच गावचे. निमगाव केतकीहून इंदापूरकडे जाताना डांबरी सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं. तिथल्या शाळेत आबा आणि मालक एका वर्गात होते. पुढं मालक बारामतीला गेले, आधी साप्ताहिक काढलं, मग त्याचं दैनिक केलं, आणि केबल आली तशी बारामतीपासून इंदापूरपर्यंत खांबाखांबावरून त्यांची वायर गेली. सकाळी त्यांचा पेपर आणि संध्याकाळी त्यांची केबल. बाहेरच्या माणसाला वाटायचं, ह्यांचा धंदा बातम्या छापायचा आहे. खरा धंदा बातम्या न छापायचा होता. दिवाळी अंकाला जाहिरात दिली की तुमच्याबद्दल काही छापून येत नसे. नाही दिली तर काय येईल त्याचा नेम नव्हता, आणि ते खरं असलंच पाहिजे अशी काही अट नव्हती.

आमचं घराणं मेंढरांचं. आजोबा दसरा झाला की कळप घेऊन कोकणच्या वाटेला लागायचे ते पावसाच्या तोंडावर परतायचे. त्या घराण्यातले खुर्चीवर बसलेले पहिले म्हणजे आबा. गावच्या दूध संस्थेत ते टेस्टर होते. प्रत्येकाचं दूध मापून झालं की त्यातलं थोडं घेऊन फॅट आणि डिग्री बघायची आणि वहीत लिहायची, एवढंच काम. पण ते काम ते देवपूजेसारखं करायचे. सख्ख्या चुलतभावाचं दूध पातळ निघालं तर पातळ लिहायचे. चुलतभाऊ वर्षभर बोलला नाही, तरी आबांनी आकडा बदलला नाही. मला लहानपणी त्याचा राग यायचा, कारण त्या काकांच्या घरी चिंचेचं झाड होतं.

त्या दिवाळीला मालकांचा माणूस संस्थेत जाहिरात मागायला आला. चेअरमन परगावी होते, खुर्चीवर आबा होते. आबा म्हणाले, “संस्था समद्या गावाची हाय, माझी एकट्याची न्हाय. मी कसा हो म्हणू?” माणूस हसून चहा पिऊन गेला. पंधरवड्यानं पहिल्या पानावर आलं: ‘दुधात युरिया, टेस्टरचाच हात’. खाली आबांचं पूर्ण नाव, गावाचं नाव, आणि संस्थेच्या अहवालातून कापून घेतलेला त्यांचा फोटो. त्या फोटोत ते हसत होते. बातमी वाचून तो फोटो पाहिला की वाटायचं, बघा, वर हसतोय.

तपासणीला दूध संघाची माणसं आली, बाटल्या भरून घेऊन गेली. महिन्यानं कागद आला की दुधात काहीही सापडलं नाही. चेअरमननी तो कागद वाचला, घडी घातली आणि कपाटात ठेवला. आबांना म्हणाले, “आबा, जरा थंड हुंद्या, मग या कामावर.” पाच वर्षं ते थंडच होत होतं.

नोकरी गेली हे एक वेळ सोसलं असतं. पण आमच्या दोन गाईंचं दूधही संस्था घेईना. मग आबा रोज पहाटे सायकलला किटली अडकवून निमगावला जायचे आणि तिथल्या एका चहाच्या हॉटेलात दूध घालायचे. हॉटेलवाल्याला पेपर वाचायची सवय नव्हती, म्हणून ते तरी जमलं. आणि ताक. आमच्याकडे घरचं ताक कुणी विकत नाही, जो तांब्या घेऊन येईल त्याला द्यायचं. त्या बातमीनंतर आमच्या दारात तांब्या यायचा बंद झाला. शेजारच्या काकू तेवढ्या आईचं मन राखायला न्यायच्या. एके दिवशी मी परड्यात गेले तर त्या आमचं ताक म्हशीच्या आंबोणात ओतत होत्या. मला बघून म्हणाल्या, “नासलं गं जरा.” मी आईला सांगितलं नाही. आई पुढं कितीतरी दिवस काकूंसाठी ताक बाजूला काढून ठेवायची.

मी तेव्हा इंदापूरला कचेरीसमोर एका दुकानात मराठी मशीनवर टायपिंग करायचे. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, सातबाऱ्याच्या नकलांच्या मागण्या. दुकान रिकामं असलं की मी आमचा अर्ज टाईप करायचे. ‘वरील विषयास अनुसरून विनंती की, आपल्या दैनिकात प्रसिद्ध झालेल्या बातमीचा खुलासा...’ कार्बन घालून तीन प्रती. एक पोस्टानं, एक हातानं, एक घरी. बारामतीच्या त्यांच्या ऑफिसात मी बाकावर इतकी बसले आहे की तिथला शिपाई मला ताई म्हणायला लागला होता. खुलासा मात्र आला नाही. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते मी दर महिन्याला ओतत होते.

मग दोन वर्षांनी मालकांनी बारामतीच्या एका डॉक्टरला धमकावून खंडणी मागितली. डॉक्टर घाबरणारा नव्हता. त्यानं सरळ पोलिसांत जाऊन सापळा लावला. खटला चालला, शिक्षा झाली, मालक येरवड्याला गेले आणि पेपर बंद पडला. केबल भाच्यानं चालू ठेवली. मी त्या दिवशी इंदापूरहून पेढे घेऊन आले. आबांनी पुडा माझ्या हातातून काढून घेतला आणि फडताळात ठेवला. म्हणाले, “पेपर बंद झाला म्हंजे आता खुलासा कोण छापणार?”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खोटं छापणारा पेपर ते खोटं शेवटचं सांगून मिटला होता, आणि ते पुसायला आता जागाच उरली नव्हती.

आणि आता मालक परत येणार होते.

मारुतीच्या देवळात बैठक झाली. बायका भिंतीकडेला बसल्या होत्या, त्यांच्यात मी. आबा आले नाहीत. मला वाटलं होतं निदान चार लोक तरी म्हणतील की कशाला हा तमाशा. कुणी म्हणालं नाही. एक म्हातारबा म्हणाले, “जेलात का बारकी माणसं जात्यात? मोठीच जात्यात.” दुसऱ्यानं री ओढली, “राजकारण झालं हो त्यांच्या संगट.” किराणा दुकानदाराचा तराजू खोटा असल्याचं मालकांनी एकदा फोटोसकट छापलं होतं. तो उठून म्हणाला, “हार माझ्याकडनं. हातभर जाड.” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाळेतले गुरुजी माझ्या अंगावरून जाताना हळूच म्हणाले, “पेपर परत निघणार आहे म्हणे. स्वागतात दिसलेलं बरं.”

मी चिडून लालबुंद झाले होते. पण आता एवढ्या वर्षांनी खरं सांगायचं तर ती नुसती भीती नव्हती. मायाही होती. आमच्या गावाचं नाव तालुक्यात कुणाला ठाऊक नव्हतं ते ह्या माणसामुळं ठाऊक झालं होतं. एस्टीत कुणी विचारलं, कुठलं गाव, की लोक सांगायचे, “मालकांचं.” तुरुंगात गेल्यावरही तसंच सांगायचे, फक्त जरा हळू आवाजात. आता तेच मोठ्यानं सांगायची सोय होणार होती. नरसिंहपूरला संगमात आंघोळ करायची, नरसिंहाचं दर्शन घ्यायचं आणि मगच गावात पाऊल टाकायचं असं ठरलं. वेशीवर पाच सुवासिनी, पायावर पाणी, भाकरतुकडा, हलगी, गुलाल. “करून करून भागला आणि देवपूजेला लागला,” मी म्हणाले. काकूंनी मला कोपरानं ढोसलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहिणार होते, पण लागली. पहाटे जाग आली ती एक कल्पना घेऊनच. आजही त्या कल्पनेची मला किळस येते.

मला लहानपणीची एक गोष्ट आठवली होती. मी पाच-सहा वर्षांची असेन. गावात दोन भावांचं बोलणं-चालणं बंद होतं, धाकट्याच्या घरचं पाणीसुद्धा कुणी पीत नव्हतं. मग एक दिवस पारावर माणसं बसली. धाकटा भाऊ तांब्याभर दूध घेऊन आला आणि त्यानं स्वतःच्या हातानं थोरल्याला दिलं. थोरला ते सगळ्यांसमोर प्यायला. कुणीतरी म्हणालं, “मिटलं.” आणि मग सगळे एका पंगतीला जेवले, मला दोन बुंदीचे लाडू मिळाले. एवढंच मला आठवत होतं. दूध पाजलं, सगळ्यांनी पाहिलं, आणि त्या दिवसापासून धाकट्याच्या घरी लोक जायला लागले.

मला वाटलं, खुलासा कागदावरच यायला हवा असं कुठं आहे? ज्यानं छापलं की हा माणूस दुधात विष कालवतो, तोच ह्या माणसाच्या हातचं दूध अख्ख्या गावासमोर प्यायला तर ह्याहून मोठा खुलासा कुठला? हातच्या काकणाला आरसा कशाला? मी अंथरुणात उठून बसले. पाच वर्षांत पहिल्यांदा मला हलकं वाटत होतं.

सकाळी मी आबांना सांगितलं. ते गाईला चारा टाकत होते. त्यांनी वर न बघता सांगितलं, “न्हाय.”

“का न्हाय?”

“न्हाय म्हणलं की न्हाय.”

मी चिडले. तुम्ही घाबरता, तुम्ही जन्मभर खाली मान घालून बसणार, वगैरे नको नको ते बोलले. ते चारा टाकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, “पोरी, दूध कुणी कुणाला पाजायचं हे ठरल्यालं असतं.” मला वाटलं, मानपानाचं काहीतरी जुनं बोलतायत. मी विचारायला हवं होतं की म्हणजे काय. मी विचारलं नाही. मी मराठी मशीनवर मिनिटाला इतके शब्द टाईप करणारी, वकिलांच्या चुका काढणारी मुलगी होते. मेंढरं राखलेल्या माणसाकडून मला काय शिकायचं होतं?

मग मी चेअरमनकडे गेले. मला वाटलं होतं ते आढेवेढे घेतील. ते लगेच म्हणाले, “ब्येस. आण की आबांना. मिटवूनच टाकू एकदाचं. आमालाबी बरं वाटत न्हाय.” मी घरी उडत आले.

आबा तरीही तयार होईनात. दोन दिवस मी त्यांच्या मागं लागले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी रडले आणि जे बोलू नये ते बोलले. “तुमाला नसंल सुटायचं ह्यातनं, पर मला तरी सोडवा. मी किती वर्सं त्या अर्जांच्या नकला जपत बसू?” आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “बरं. तुझ्यासाठी येतो.”

मालक दुपारी आले. नरसिंहपूरहून निघालेल्या जीप वेशीवर थांबल्या तेव्हा उन्हानं डोकी तापली होती, पण एक माणूस हलला नव्हता. मालक बारीक झाले होते. पांढरा झब्बा अंगावर मोठा होत होता, कपाळाला देवाचं गंध होतं. बायकांनी पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. किराणा दुकानदारानं आपला हातभर जाड हार घातला आणि खरोखर रडला. ज्यांची ज्यांची म्हणून त्या पेपरात बदनामी झाली होती ती सगळी माणसं पुढच्या रांगेत होती. मी आरतीचं ताट घेऊन बायकांत उभी होते. इतक्या लोकांचा इतका खरा आनंद मी गावात त्याआधी पाहिला नव्हता.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. सत्कार झाले, फेटा बांधला, शाल घातली. मग चेअरमननी माईक घेतला. “आता आपले जुने टेस्टर सोता दूध घिऊन आल्यात. झालं गेलं गंगेला मिळालं. मालकांनी मोठ्या मनानं पदरात घ्यावं.”

पदरात घ्यावं. ते दोन शब्द ऐकताच मी आबांना हाक मारली. तोवर आबा मांडवातल्या स्टेजच्या पायऱ्या चढत होते. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, खिशाला पेन. दोन्ही हातात पितळेचा पेला. सकाळी धार काढून त्यांनी ते दूध फडक्यातून तीनदा गाळलं होतं, मी पाहिलं होतं.

मालकांना काही आठवेना, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ज्या बातमीनं आमची पाच वर्षं खाल्ली ती त्यांच्या ध्यानातही नव्हती. चेअरमन त्यांच्या कानाशी लागले. मालकांनी मान हलवली, हसले, आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माईक तोंडाशी ओढला.

“हा माझा वर्गमित्र,” ते म्हणाले. “मानूस हाय, चुकतंय. पोटासाठी चुकतंय. मी आज तुरुंगातनं आलोय, चूक म्हंजे काय ते मला इचारा. मी ह्येला माफ केलं. तुमीबी करा.”

आणि ते पेला तोंडाला लावून सगळं दूध प्यायले. सगळं. खाली एक थेंब ठेवला नाही.

टाळ्यांचा कडकडाट झाला. हलगी वाजायला लागली. कुणीतरी मूठभर गुलाल आबांच्या टोपीवर टाकला. मी ताट खाली ठेवून पुढं घुसले, ओरडत होते, “न्हाय, न्हाय, चूक न्हाय केली त्यांनी, कागद हाय, कपाटात कागद हाय!” माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. एका बाईनं मला कवटाळलं आणि म्हणाली, “रड गं, रड. मोकळी हो. किती सोसलं बया तुमी.” तिच्या मिठीतून मला सुटता येईना. वर आबा हात जोडून उभे होते. ते कुणाकडेच बघत नव्हते.

त्याच संध्याकाळी मी आईला त्या दोन भावांबद्दल विचारलं. आई सहज म्हणाली, “धाकट्यानं रातीत थोरल्याचा बांध कोरला हुता की. सापडला. मग दूध घिऊन गेला थोरल्याकडं. चुकल्यालाच जावं लागतं दूध घिऊन.” मला त्या पंगतीतले लाडू आठवत होते, बांध आठवत नव्हता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. मी शिकलेला दांडा होते.

आणि आई खूश होती. हे सर्वांत वाईट. दिवस मावळायच्या आधीच दारात दोन तांबे आले होते. काकू आल्या, ताक मागितलं, इथंच उभ्या राहून घोटभर प्यायल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या ताकाची चव कुठं न्हाय बघा.” चुलतकाका आले. ते आबांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, “बरं केलंस. मानसानं कबूल केलं की हलकं हुतं.” आबांनी त्यांना तंबाखू दिली. पाच वर्षं आमच्या घराकडं पाठ करून जाणारी माणसं आत येऊन बसत होती, आणि प्रत्येक जण इतक्या प्रेमानं बोलत होता की कुणावर ओरडावं ते मला कळत नव्हतं. पाच वर्षं गावात निदान थोडे तरी लोक म्हणत असतील, कुणास ठाऊक, असेलही खोटं. त्या एका पेल्यानं तेवढीसुद्धा शंका उरली नाही. आबांनी केलं होतं, कबूलही केलं होतं, आणि गावानं पोटात घातलं होतं.

माणसं गेल्यावर मी आबांच्या पाया पडले. ते म्हणाले, “ऊठ. तुला ठावं नव्हतं.”

“तुमाला ठावं हुतं. मग का आला?”

त्यांनी तो पितळेचा पेला राखेनं घासून घेतला, हे काम त्यांचं नव्हतं, आईचं होतं, आणि उलटा करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे चेअरमनचा निरोप आला. आजपासून दूध संस्थेत घाला आणि आबांनी टेस्टिंगला बसावं. आबांनी निरोप्याला चहा दिला आणि विचारलं, “कशाची माफी दिली मला गावानं?” निरोप्या हसला. “आबा, आता ते काढायचं न्हाय. मिटलं की.” तो गेल्यावर आबा उंबऱ्यावर बसले. निमगावला जायची वेळ टळून गेली, किटली तशीच भरलेली. मग ते मला म्हणाले, “तू जा संस्थेत. रांगंत समदी असत्याल. त्येंला सांग, मी दुधात काय घातलं नव्हतं. मला जावत न्हाय. तू सांग.”

आयुष्यात आबांनी माझ्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट.

मी गेले. बादल्या, कॅन घेऊन रांग उभी होती. मी रांगेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं. बातमी खोटी होती. तपासणीत काही निघालं नाही. कागद ह्याच खोलीतल्या त्याच कपाटात आहे, काढून वाचा. आबांनी काल माफी मागितली नाही, मी त्यांना ओढून नेलं, मला रीत माहीत नव्हती, माझी चूक आहे. मी हे सगळं सांगितलं, एकदा नाही, दोनदा. कुणी मला अडवलं नाही. कुणी हसलं नाही. चेअरमन खाली बघत होते. कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला होती, त्यांचा हात तिकडं गेला नाही. मग रांगेतला एक म्हातारा पुढं आला. चांगला माणूस, आबांच्या वयाचा. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “बापाची माया असती पोरीला. आमाला कळतंय. आता उगं उकरू नगंस. केलं की माफ समद्यांनी.” मागून एक-दोघं म्हणाले, “व्हय, व्हय.” आणि रांग पुढं सरकली.

मी परत आले. वाटेत तोंड धुतलं, पदरानं पुसलं. आबा उंबऱ्यावर तसेच बसले होते. मला लांबून बघूनच ते उठून उभे राहिले.

“काय म्हणली मानसं?”

“पटलं म्हणाली आबा. समद्यांला पटलं.”

आबांनी मान हलवली. माझ्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू विचारलं, “मग रडतीस कशापायी?”